ठाण्याची माती आणि चार फकीर

ख्रिस्ती बांधवांची यात्रा म्हटली की जेरुसलेम, बेथलेहेम, रोम ही नावे आठवतात. पण जुन्या ख्रिस्ती इतिहासाची एक वाट आपल्या कोकण किनाऱ्यावरूनही गेलेली आहे. सहाव्या शतकातील प्रवासी कॉसमस याने कल्याणला इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. पोर्तुगीज येण्याच्या नऊशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. याच वाटेवरचे एक पान आपल्या समाजाशीही निगडित आहे.

इ.स. १३२१ मध्ये होर्मुझहून निघालेले एक जहाज ठाण्याला लागले. त्यात जॉर्डानस नावाचा फ्रेंच धर्मोपदेशक आणि फ्रान्सिस्कन पंथाचे चौघे होते : तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. जाडाभरडा झगा, भिक्षेवर गुजराण. आपल्या भाषेत फकीरच. त्यांना जायचे होते कोल्लमला. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन ख्रिस्तींची पंधरा घरे होती. त्यांतल्या एका घरी ते उतरले.

जॉर्डानस सोपाऱ्याकडे गेला असताना यजमान पती-पत्नीचे भांडण काझीपुढे गेले. साक्षीसाठी या फकिरांना बोलावले गेले. वाद धर्मावर घसरला आणि पैगंबरसाहेबांविषयी (सल्ल.) त्यांचे मत विचारण्यात आले. उत्तर अपमानकारक ठरले. मलिकने आधी त्यांना निसटू दिले, पण काझीच्या आग्रहावरून चौघांनाही ठार करण्यात आले. जॉर्डानसने त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले. पुढे ओदोरिक हा इटालियन फ्रान्सिस्कन तेथे आला. त्याने त्यांच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि चीनमधील जैतून बंदरातल्या आपल्या पंथाच्या मठात नेऊन ठेवल्या. वाटेत त्याने पूर्व किनाऱ्यावरील संत थॉमसच्या कबरीचेही दर्शन घेतले.

ही हकीकत ओदोरिकने १३३० साली सांगितली. ती एका बाजूची आहे, त्यात चमत्कारही पुष्कळ आहेत. म्हणून ती झटकून टाकावी, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण त्याच हकिकतीत आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, दिल्लीच्या सुलतानाने या हत्येबद्दल मलिकला देहदंड दिला. तेव्हा तख्तावर गयासुद्दीन तुघलक होता. दुसरी म्हणजे, फकीर जिथे मारले गेले तिथली माती हिंदू आणि मुसलमान आजारी पडल्यावर पाण्यात कालवून पीत असत.

ही दुसरी गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते. आमच्या सोलापुरातून गुलबर्ग्याला ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसाला जाणारे सगळेच काही मुसलमान नसतात. परक्या फकिराच्या मातीत शिफा शोधणारी ठाण्याची ती माणसे याच रीतीची होती.

सूरह हजमध्ये मठ, गिरजाघरे, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी यांच्या रक्षणाचा उल्लेख एकाच आयतीत येतो. ठाण्याच्या काझीने ती आयत वाचलेली असणारच, तरीही त्याने चौघांचा जीव मागितला. मुलांना इतिहास शिकवताना हा काझी वगळू नये. आणि ती माती पिणारी माणसेही वगळू नयेत. दोघेही आपलेच होते. त्यांतल्या कोणाच्या वाटेने जायचे, हे मात्र आपल्याला ठरवावे लागेल.