पर्थची शिळा आणि पर्थच्या मूर्ती

पर्थ म्हटले की आपल्याला ऑस्ट्रेलिया आणि क्रिकेट आठवते. पण मूळचे पर्थ स्कॉटलंडमधले, टे नदीच्या काठचे. जुने शहर एवढे आटोपशीर, की पायी फिरणेच बरे.

मध्यभागी सेंट जॉन्स कर्क आहे. कर्क म्हणजे चर्च. ११ मे १५५९ रोजी जॉन नॉक्सने इथे मूर्तिपूजेविरुद्ध प्रवचन दिले. पेटलेल्या जमावाने आधी इथल्याच मूर्ती फोडल्या, मग गावातले मठ लुटले. राजा पहिला जेम्स याचा १४३७ मध्ये पर्थमध्येच खून झाला होता. त्यानेच स्थापलेल्या मठात त्याला पुरले होते. तोही मठ सुटला नाही. आज ना मठ उरला, ना थडगे!

कर्कच्या शेजारीच जुना सिटी हॉल. मार्च २०२४ पासून तिथे पर्थचे संग्रहालय आहे आणि त्यात 'स्टोन ऑफ डेस्टिनी', म्हणजे भाग्यशिळा. जवळच्या स्कून गावी या शिळेवर स्कॉटिश राजांचा राज्याभिषेक होई. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ती लंडनला नेली. ती स्कॉटलंडला परत मिळाली १९९६ मध्ये. आधी ती एडिनबरोच्या किल्ल्यात होती. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी लंडनला जाऊन आली आणि मग पर्थला.

पर्थला गेलात तर या दोन्ही वास्तू अवश्य बघा. मध्ये अंतर चार पावलांचे. परक्याने नेलेली शिळा सातशे वर्षांनी का होईना, परत आली. गावच्याच लोकांनी फोडलेल्या मूर्ती कोण कुठून आणणार?