दारुल कझा आणि काझीचे उत्तरदायित्व

मुस्लिम कुटुंबांतील, मुख्यत्वे नवराबायकोचे तंटे शरीअतनुसार मिटवणारी बिनसरकारी संस्था म्हणजे दारुल कझा. भारतात तिची जुनी आणि सर्वांत सुघटित व्यवस्था बिहारकडे आहे. मौलाना अबुल महासिन सज्जाद यांनी 1921 मध्ये इमारत-ए-शरिया स्थापन केली. पाटण्याजवळच्या फुलवारी शरीफ येथून तिचा कारभार चालतो. पुढे ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने इतर राज्यांतही अशा संस्था काढल्या.

दारुल कझाची पायरी बहुधा बाईच चढते. तिचा अर्ज घेतला जातो, नवऱ्याला नोटीस जाते, तारखा पडतात, दोन्हीकडचे जबाब आणि साक्षी होतात. पहिला प्रयत्न समेटाचा. नवराबायकोत फूट पडण्याची भीती असेल तर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमावा, असे कुराणाच्या चौथ्या सुऱ्यात सांगितले आहे आणि तिथे निवाडा करणारा काझी त्याचाच आधार घेतो. समेट फसला तर खुला, म्हणजे नवऱ्याच्या संमतीने आणि सहसा मेहेर सोडून घेतलेली फारकत. नवरा नांदवत नसेल, खर्च देत नसेल किंवा बेपत्ता असेल तर काझी स्वतः निकाह तोडतो, तो फस्ख.

खरी अडचण या रचनेतच आहे. समजूत घालणारा आणि निकाल देणारा माणूस एकच. समेट व्हावा म्हणून बाईने सांगितलेली मारहाण, सासरचा जाच, खोलीच्या दाराआडची गोष्ट, हे सारे उद्या त्याच माणसाच्या निकालाचा आधार होते. कुटुंब न्यायालयात हे दोन कप्पे वेगळे आहेत. 1984च्या कायद्याने तिथे समुपदेशकाचे पद निर्माण केले; त्याच्यापुढे बोललेले गोपनीय राहते आणि त्याला साक्षीला उभे करता येत नाही. दारुल कझाच्या काझीवर असे कायदेशीर बंधन नाही. त्याचे शिक्षण मदरशातले, फिकहचे म्हणजे इस्लामी कायदाशास्त्राचे. घरगुती हिंसा कशी ओळखावी, जिवाला धोका असलेल्या बाईला ‘जरा सबर करा’ सांगून परत पाठवू नये, याचे प्रशिक्षण त्याला मिळालेच असेल असे नाही.

काझीला जाब विचारणारा कायदा मुळीच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. इंग्रज सरकारने 1864 मध्ये काझी नेमण्याची जुनी पद्धत मोडली आणि लोकांची गैरसोय झाल्यावर 1880चा काझी कायदा आणला. चार कलमांचा हा कायदा मोठा मजेशीर आहे. सरकारने नेमलेला काझी गैरवर्तन करील, सलग सहा महिने आपल्या भागात नसेल किंवा दिवाळखोर ठरेल, तर त्याला काढता येते. चौथे कलम मात्र सांगते की या नेमणुकीने काझीला न्यायदानाचा अधिकार मिळत नाही, निकाहाला त्याची हजेरी आवश्यक ठरत नाही आणि दुसऱ्या कोणालाही काझीचे काम करण्यास आडकाठी नाही. म्हणजे बडतर्फीची तलवार सरकारी काझीवरच, आणि पाटी कोणीही लावावी!

न्यायालयांनीही काझी काय नाही, तेवढेच पुन्हा पुन्हा सांगितले. 2005 मध्ये मुझफ्फरनगरच्या एका बलात्कारपीडित विवाहितेबद्दल भलत्यानेच, एका पत्रकाराने, फतवा मागितला आणि तिचा संसार मोडल्याचे देवबंदच्या दारुल उलूम मदरशाने जाहीर केले. यावरून गाजलेल्या विश्व लोचन मदन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 7 जुलै 2014 रोजी निकाल दिला: फतवा आणि दारुल कझाचा निर्णय कोणावरही बंधनकारक नाही आणि त्रयस्थाच्या सांगण्यावरून कोणाच्या हक्कांना हात घालणारा फतवा देऊ नये. दारुल कझावर बंदी मात्र घातली नाही. त्याआधी, 2002 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात तलाकआधी समेटाचा खरा प्रयत्न झाला पाहिजे, असे बजावले होते. तो प्रयत्न करणाऱ्याची पात्रता काय, हे दोन्ही निकालांनी ठरवून दिले नाही.

नियम करावेत तर मान्यता दिल्यासारखे होते, ही पंचाईत ब्रिटनलाही सुटली नाही. तिथल्या शरिया कौन्सिलांचा आढावा घेणाऱ्या मोना सिद्दिकी समितीने 2018च्या अहवालात नोंदवले की तिथे येणाऱ्यांत 90 टक्क्यांहून अधिक स्त्रिया असतात. आचारसंहिता बनवणारी नियामक संस्था सरकारने स्थापावी, ही तिची शिफारस सरकारने फेटाळली. सिंगापूरने उलट वाट धरली. तिथे 1966च्या कायद्याखाली काझी आणि नायब काझी सरकार नेमते आणि शरिया न्यायालयही सरकारी आहे.

भारतात मानके घडवण्याची धडपड स्त्रियांनीच केली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने 2013च्या सुमारास औरत शरियत अदालत सुरू केली आणि मुंबईत दारुल उलूम निस्वान काढून स्त्री काझी घडवायला घेतल्या. तिथे कुराणाइतकेच संविधान आणि कौटुंबिक कायदे शिकवले जातात. 2016 मध्ये तिथून शिकून जयपूरच्या दोघी काझी म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हा जयपूरच्या पुरुष काझींनी विरोध केला.

खुल्याचा प्रश्न तर अजून लोंबकळतो आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये बाईचा न्यायालयाबाहेरचा खुला मान्य केला. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये खासगी मंडळाने दिलेले खुल्याचे प्रमाणपत्र रद्द करून कुटुंब न्यायालयाचा रस्ता दाखवला.