अंड्यांच्या कपाटातील साक्ष

कायद्याला पुरावा लागतो आणि मुक्या जीवांना साक्ष देता येत नाही. मग कीटकनाशकांनी मरणाऱ्या प्राण्यांची बाजू इतिहासात कोणी मांडली? ब्रिटनमधील बहिरी ससाण्याची हकीकत या दृष्टीने आपण पाहण्याजोगी आहे.

१९६० च्या सुमारास तेथील कबूतरपालकांनी सरकारकडे गाऱ्हाणे नेले : ससाणे आमची शर्यतीची कबुतरे मारतात, त्यांचे संरक्षण काढून घ्या. शहानिशेसाठी १९६१ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांच्या देखरेखीखाली ससाण्यांची गणना सुरू झाली. निष्पन्न झाले ते नेमके उलटे. आरोपीच नाहीसा होत चालला होता. कित्येक कडे ओस पडले होते आणि उरलेल्या घरट्यांत अंडी फुटत होती.

त्या काळी पेरणीच्या बियाण्याला आल्ड्रिन, डिल्ड्रिन ही विषे चोळीत. दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांच्या शरीरात ती साठत आणि त्यांना खाणाऱ्यांच्या शरीरात अधिकच. १९५९-६० च्या हिवाळ्यात सुमारे १३०० कोल्हे दगावल्याची नोंद रेचल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये (१९६२) आहे. १९६१ मध्ये वसंतातील पेरणीपुरता या विषांचा वापर थांबवण्याचे ठरले. पण तेही कायद्याने नव्हे, आपखुशीच्या समझोत्याने.

फुटणाऱ्या अंड्यांचे कोडे मात्र उरले होते. रॅटक्लिफ यांनी संग्राहकांच्या कपाटांतील जुनी अंडी मोजली, तोलली. १९४७ च्या सुमारापासूनची कवचे एकाएकी पातळ झालेली आढळली. डीडीटी शेतात आले तो हाच काळ. हा निष्कर्ष त्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. घरटी लुटणाऱ्यांच्या हव्यासानेच अशा रीतीने ससाण्याच्या बाजूने साक्ष दिली. त्याच वर्षी जे. ए. बेकर यांचे 'द पेरेग्रिन' प्रकाशित झाले. आज आपण ते निसर्गलेखनाचा नमुना म्हणून वाचतो. त्यामागची निकड मात्र हा इतिहास ठाऊक असल्यावाचून जाणवत नाही.

कीटकनाशकांच्या नियंत्रणाला तेथे कायद्याचे पक्के अधिष्ठान १९८५-८६ मध्ये लाभले. ससाणा आज कड्यांवर परतला आहे. परंतु त्याच्या बाजूचा पुरावा हाती आला तो एका खोट्या तक्रारीमुळे आणि एका निषिद्ध छंदामुळे. ज्या जीवांवर कोणी तक्रार केली नाही, ज्यांची अंडी कोणी जपली नाहीत, त्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न आपल्यापुरता तरी मिटत नाही.