बाण का भरकटतो : प्रस्तावना

वीस यार्डांवरच्या हरणापर्यंत पोचायला साध्या धनुष्याच्या बाणाला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात तो वाकतो, उलट बाजूला वाकतो, थरथरतो, पिसांच्या ओढीने सावरतो आणि स्वतःभोवती फिरू लागतो. सोडणाऱ्याला यातले फार थोडे दिसते. ‘शेपूट हलली’, ‘डुबक्या मारत गेला’, ‘आत्ता बरा गेला, मघाशी नाही’, अशाच शब्दांत तक्रार येते. एवढ्या तुटपुंज्या साक्षीवरून दोष नेमका कुठे आहे ते शोधायचे, हे या शाखेचे काम. विद्यापीठात तिला वेगळा विभाग नाही. पण तिच्यात भौतिकशास्त्र आहे, लाकूडकाम आहे, शरीराच्या सवयींचा अभ्यास आहे आणि निदान पावणेपाचशे वर्षांचे लेखी अनुभव आहेत. नव्याने येणाऱ्याला इथे भरपूर जागा आहे.

विषयाची हद्द आधी सांगितलेली बरी. धनुष्य म्हणजे इथे लाँगबो आणि रिकर्व्ह. 2023 साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले तेव्हा मराठी घरांत जे धनुष्य टीव्हीवर दिसले ते कंपाउंड होते. त्याची दोरी बोटांऐवजी यांत्रिक रिलीजने सुटते, म्हणून ज्या आडव्या वाकण्यावर आपण पुढे इतकी पाने खर्च करणार आहोत ते तिथे बरेच कमी असते. शिकारीबद्दलही तसेच. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे तिला मनाई आहे. पारंपरिक धनुष्याची आजची शिकार प्रामुख्याने अमेरिकेतली. विस्कॉन्सिन राज्याने 1934 साली हरणांसाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम ठेवला, आणि नंतर एकेक राज्य त्याच वाटेने गेले. या पुस्तकातली उदाहरणे तिथलीच आहेत. इथल्या वाचकाने ती फोमच्या लक्ष्यावर पडताळून पाहावीत. बाणाला समोर काय आहे याच्याशी कर्तव्य नसते.

शिकाऱ्याला मात्र असते, आणि म्हणूनच हा विषय खेळातल्या गुणांपुरता राहत नाही. वाकडातिकडा जाणारा बाण लक्ष्यावर लागला तरी त्याची बरीचशी ताकद दांडीच्या फडफडण्यात गेलेली असते. तिरका शिरलेला बाण खोल जात नाही. जनावर जखमी होऊन पळते आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरते. दक्षिण आफ्रिकेत शिकारी बाणांच्या भेदकतेचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या एड अ‍ॅशबी यांनी महत्त्वाच्या गोष्टींची जी क्रमवारी लावली, तिच्यात बाण आणि पाते न मोडणे पहिले आणि निर्दोष उड्डाण दुसरे. धनुष्याच्या जोराला तिच्यात वरचे स्थान नाही. जास्त पौंडाच्या धनुष्याची बढाई मारणाऱ्यांनी ही यादी सवडीने वाचावी.

या शाखेच्या उंबरठ्यावरच एक जुने कोडे बसले आहे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो. दोरी पूर्ण ताणलेली असताना बाणाचा रोख लक्ष्याकडे असतो, पण दोरी धनुष्याच्या जवळ येऊ लागली की मुठीची जाडी आड येते आणि बाणाचे तोंड डावीकडे वळायला हवे. तरीही चांगला जुळलेला बाण सरळ जातो. रॉबर्ट एल्मर या अमेरिकन डॉक्टर-धनुर्धराने याला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ असे नाव दिले. उलगडा 1930च्या दशकात झाला. बेल प्रयोगशाळेत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी सुटणाऱ्या बाणाचे अतिजलद चित्रण केले, आणि पडद्यावर दिसले ते पाहून अनेक पट्टीचे धनुर्धर चकित झाले. बाण धनुष्याला घासत जातच नव्हता. दोरी बोटांवरून निसटताना किंचित बाजूला सरते, मागून एकदम रेटा बसतो, पुढचे जड टोक मात्र जागचे हलायला तयार नसते, त्यामुळे दांडी आधी धनुष्याकडे आणि लगेच धनुष्यापासून दूर अशी वाकते. या लाटेवर स्वार होऊन ती मुठीला वळसा घालून निघते. हिकमन, फॉरेस्ट नॅगलर आणि पॉल क्लॉपस्टेग या तिघांचे लेखन 1947 साली ‘आर्चरी: द टेक्निकल साइड’ या नावाने एकत्र आले. आजही या विषयाची सुरुवात तिथून करावी असे माझे मत आहे. कूई आणि स्पारेनबर्ग या डच अभ्यासकांनी 1997 मध्ये याच वाकण्याचे गणिती प्रतिरूप मांडले. ते वाचण्यासाठी थोडी समीकरणांची तयारी हवी, पण चित्र हिकमनने दाखवले तेच आहे.

यातून निघणारी गोष्ट अशी की दांडी किती कडक असावी हे ती कोणत्या धनुष्यातून सुटणार यावर ठरते. या कडकपणाला धनुर्धर स्पाइन म्हणतात. लाकडी दांडी 26 इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवायची, मध्यभागी 2 पौंडांचे वजन टांगायचे आणि ती किती वाकली ते मोजायचे. 26 ला त्या इंचांनी भागले की स्पाइन पौंडांत मिळते: अर्धा इंच वाकली तर 52. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांना वेगळी मोजणी आहे, 28 इंचांचे अंतर आणि 1.94 पौंडांचे वजन; तिथे 500 क्रमांकाची दांडी म्हणजे अर्धा इंच वाकणारी, आणि आकडा जितका मोठा तितकी दांडी मऊ. दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांत मिसळले की गोंधळ ठरलेला. शिवाय हा कडकपणा टेबलावरचा. धनुष्यातून सुटताना तो बदलतो. टोक जड केले की दांडी मऊ वागते, कापून आखूड केली की कडक, आणि डेक्रॉनची दोरी काढून कमी ताणली जाणारी आधुनिक दोरी लावली तरी तीच दांडी मऊ वागू लागते. म्हणून दुकानातल्या तक्त्यावर लिहिलेले उत्तर ही फक्त शोधाची सुरुवात असते.

या विषयातले बरेच लेखन लक्षणांची यादी देते: शेपूट आडवी हलली तर हे करा, उभी हलली तर ते करा. यादी खोटी नाही, पण तिच्याआधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो बहुतेक जण विचारत नाहीत. दोष दर वेळी तसाच होतो का? दहा बाणांपैकी दहाही एकाच दिशेने, एकाच प्रकारे हलत गेले तर कारण सामानात आहे. प्रत्येक बाण वेगळे नखरे करत असेल तर पाना-पक्कड बाजूला ठेवून आधी हाताकडे पाहावे: दोरी सोडताना बोटे बाहेर झटकली जातात का, शेवटच्या क्षणी ताण किंचित ढिला पडतो का, धनुष्याची मूठ आवळली जाते का. आणि ठरावीक एखादाच बाण नेहमी बिघडत असेल तर तो बाणच वाकडा आहे. म्हणून बाणांवर क्रमांक घालणे हे या शाखेतले पहिले उपकरण. एका पेन्सिलीचा खर्च. तरीही लोक आधी नव्या दांड्यांचा जुडगा विकत आणतात, कारण हात बदलण्यापेक्षा खरेदी सोपी असते.

सामानाचा दोष ठरला की पिसे काढायची. पिसे चांगल्या बाणाला स्थिर ठेवतात, तशीच वाईट बाणाचे दोष झाकतात. मागच्या टोकाला हवेचा अडथळा वाढवून ती शेपूट मागेच धरून ठेवतात. पिसे नसलेली दांडी कसलीच मदत न घेता जाते. पिसांचे बाण आणि एक बिनपिसांची दांडी जवळून, 10 ते 15 यार्डांवरून, एकाच लक्ष्यावर सोडायची. उजव्या हाताच्या धनुर्धराची उघडी दांडी पिसांच्या बाणांच्या डावीकडे रुतली तर ती कडक आहे, उजवीकडे गेली तर मऊ. पिसांच्या बाणांच्या खाली गेली तर दोरीवरची जागा, म्हणजे नॉकिंग पॉइंट, फार वर आहे. वर गेली तर फार खाली.

इथवर विषय सोपा वाटतो. खरी गंमत पुढे आहे, कारण उघडी दांडीसुद्धा खोटी साक्ष देते. नॉकिंग पॉइंट फार खाली असेल तर सुटणाऱ्या दांडीची शेपूट धनुष्याच्या कडेवर आपटून वर उसळते आणि बाण शेपूट वर करून जातो, म्हणजे जागा फार उंच असल्यासारखा. ते पाहून धनुर्धर ती आणखी खाली घेतो आणि आजार वाढवतो. यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे: दोरीशी काटकोन करणाऱ्या रेषेपेक्षा मुद्दाम बरेच वर सुरू करायचे आणि थोडे थोडे खाली यायचे. आडव्या दिशेलाही असाच एक सापळा आहे. फार कडक दांडी वळसा घालू शकत नाही, तिचा मागचा भाग मुठीवर आदळतो, शेपूट डावीकडे फेकली जाते, आणि पाहणाऱ्याला दांडी मऊ असल्याची खूण दिसते. आदळले की नाही हे कळायला कडेवर आणि दांडीच्या मागच्या भागावर पावडर फवारतात आणि ती कुठे पुसली गेली ते पाहतात. एकाच लक्षणामागे दोन उलट कारणे असू शकतात, ही जाणीव झाली की माणूस या शाखेचा विद्यार्थी झाला.

नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच, दोरीवर किती घट्ट बसते, दोरी मुठीपासून किती उंच आहे, तीन पिसे एकाच बाजूच्या पंखाची आहेत का, या गोष्टींना स्वतंत्र प्रकरणे आहेत. इथे त्यांचा नुसता उल्लेख पुरे. शिकारी पात्यावर मात्र थांबायला हवे. सरावाचे गुळगुळीत टोक बरेच काही माफ करते. रुंद पाते माफ करत नाही, कारण त्याच्या धारांना हवा लागते आणि बाणाच्या पुढच्या टोकालाच जणू पंख फुटतात. बाण किंचित तिरका निघाला की पाते त्याला त्याच दिशेने आणखी खेचते, मागची पिसे उलट ओढतात, आणि या ओढाताणीत बाण कुठेही जातो. पाते दांडीवर किंचित वाकडे चिकटले असेल तरी तेच होते. बाण टोकावर उभा फिरवला की डगमग डोळ्यांना दिसते. हंगामाच्या आदल्या दिवशी सरावाची टोके काढून पाती बसवणाऱ्याला म्हणून आश्चर्याचे धक्के बसतात. वजन तेच, दांडी तीच, आणि बाण हातभर दुसरीकडे.

ही सगळी तपासणी आधुनिक आहे असे मात्र समजू नये. रॉजर अ‍ॅस्कमने आठव्या हेन्रीला अर्पण केलेल्या 1545 च्या ‘टॉक्सोफिलस’मध्ये दांडीचे लाकूड, हंसाचे पीस आणि टोकाचा आकार यांची बारकाईने चर्चा केली आहे. 1911 साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा इशी लोकांसमोर आला. त्याच्याकडून सॅक्सटन पोप या शल्यचिकित्सकाने धनुष्यबाणाची विद्या घेतली आणि 1923 मध्ये शिकारीवरचे पुस्तक लिहिले. आजचे बरेच अमेरिकन धनुर्धर आपली परंपरा त्याच पुस्तकापाशी नेऊन जोडतात. इशी दांडी निखाऱ्यावर गरम करून हाताने सरळ करत असे आणि डोळ्यासमोर धरून तपासत असे. त्याच्याकडे स्पाइनचा आकडा नव्हता, पण कोणता बाण चांगला जाईल हे त्याला माहीत होते. पोपने ही कारागिरी मोजमापांच्या भाषेत लिहून ठेवली, आणि त्या नोंदींमुळेच आज आपण तिच्याबद्दल वाद घालू शकतो.

वाचकाने हाताशी ठेवायचे सामान थोडे आहे: पिसे काढलेल्या दोन-तीन दांड्या, त्यांच्या जोडीचे पिसांचे बाण, काटकोन, थोडी पावडर, वही, आणि मागे मातीचा उंच बांध. पाते लावलेला बाण पिसांशिवाय कधीही सोडू नये. तो कुठे जाईल याचा अंदाज कोणालाच नसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदल वहीत लिहून मगच पुढचा बाण घ्यावा. प्रकरणांचा क्रम हात, दोरी, दांडी, पिसे, पाते असा आहे. स्पाइनचे तक्ते मुद्दाम शेवटी टाकले आहेत. अनेकांना पुस्तक तिथूनच उघडावेसे वाटेल, आणि त्यांना कोणी अडवणार नाही. पण हाताच्या आणि दोरीच्या प्रकरणांतली तपासणी झाली नसेल तर तक्त्यातला कोणता रकाना आपला हे त्यांना ठरवता येणार नाही.