गळ, चक्री आणि घड्याळजी

मासेमारीच्या साधनांचा इतिहास शोधायला निघालं की आपण कोळीवाड्यात पोहोचू, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या बास नावाच्या माशाच्या बाबतीत मात्र आपण पोहोचतो ते घड्याळजीच्या दुकानात. काठीला बसवलेली, दोरी गुंडाळणारी जी चक्री असते, तिला तिकडे रीळ म्हणतात. या रिळाच्या दोनशे वर्षांच्या वाटचालीत पुन्हा पुन्हा घड्याळाच्या धंद्यातला माणूस भेटतो. त्या माणसांची गोष्ट आज सांगायची आहे. काठी, चक्री आणि आमिष यांची निवड कशी करतात, हेही तिच्या ओघात येईल.

आधी माशाविषयी दोन शब्द. बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या दोन जाती शिकाऱ्यांच्या विशेष आवडीच्या, एक मोठ्या तोंडाची आणि दुसरी लहान तोंडाची. मोठ्या तोंडाचा बास पाणवनस्पतींच्या किंवा बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून राहतो आणि जवळून जाणाऱ्या बेडकावर, लहान माशावर झडप घालतो. आपल्याकडे खाडीवर गरवायला बसलेला माणूस गळ सोडतो आणि धीर धरून वाट पाहतो. बासचा शिकारी दिवसभरात शेकडो वेळा आमिष फेकतो, ओढून आणतो, पुन्हा फेकतो. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर, पण चाळीस-पन्नास हातांवरून आमिष नेमकं पडलं पाहिजे. सगळी साधनं या फेकण्याच्या गरजेतून घडली.

आता केंटकी राज्यात जाऊ. तिथल्या पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता. तो चांदीकामही करी आणि त्याला मासेमारीचा छंद होता. मूठ एकदा फिरवली की चाक अनेकदा फिरेल, अशा दातेरी चाकांच्या चक्र्या इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातच विकल्या जात होत्या. पण त्या ओबडधोबड असत, दाते झिजत. स्नायडरने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत घड्याळाच्या कसबाने आपली चक्री घडवली. मग फ्रँकफर्ट गावच्या जोनाथन आणि बेंजामिन मीक या भावांनी तेच काम हाती घेतलं. तेही घड्याळजीच. त्यांच्याकडे उमेदवारी केलेला बेंजामिन मायलम पुढे स्वतः नामांकित कारागीर झाला. एका फेऱ्यात चाक चारदा फिरवणाऱ्या या 'केंटकी रिळां'चं वैशिष्ट्य एवढंच नव्हतं. त्यांचं चाक इतकं हलकं फिरे, की फेकलेलं आमिष स्वतःच्या वजनाने दोरी ओढून नेई.

माझे मामू घड्याळजी होते. डोळ्याला भिंग लावून ते केसाएवढी कमान चिमट्याने उचलत, तेव्हा दुकानात कुणी जोरात श्वासही घेत नसे. चाक नुसतं फिरून भागत नाही, त्याला आसावर अडखळ नको, असं ते म्हणत. केंटकीच्या त्या कारागिरांविषयी वाचताना मला मामूंचे हात आठवले. नदीकाठची माणसं मासा ओळखत होती, पाणी ओळखत होती. पण अडखळ न होता फिरणारं चाक त्यांच्याकडे नव्हतं. ते घड्याळजीकडे होतं.

या हलक्या चाकातून एक नवी अडचण उभी राहिली. आमिष पाण्यावर पडून थांबतं, चाक मात्र फिरतच राहतं आणि दोरीचा असा गुंता होतो की तो सोडवण्यात दुपार जावी. चाकावर अंगठा हलका टेकवून त्याला वेळेवर आवरणं, हीच या चक्रीची विद्या. नवशिक्यांना ती सहज येत नाही.

यावर दोन उपाय निघाले. पहिला स्वीडनमधून आला. तिथल्या 'अबू' या कंपनीच्या चक्र्या जगभर गाजल्या. अरबीत अबू म्हणजे बाप, पण हे नाव अरबी नव्हे. १९२१ साली स्थापन झालेल्या 'आक्तिबोलागेट उरफाब्रिकेन' या नावाची ती आद्याक्षरं. 'उरफाब्रिकेन' म्हणजे घड्याळाचा कारखाना! तिथे खिशातली घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मीटरची मागणी आटली आणि तीच यंत्रं, तेच कारागीर चक्र्यांकडे वळले. १९५० च्या दशकात त्यांची लाल रंगाची 'अँबॅसेडर ५०००' आली. चाक वेगाने फिरू लागलं की त्याला आपोआप लगाम बसेल, अशी सोय तिच्यात होती.

दुसरा उपाय टेक्सासमधल्या आर. डी. हल या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाचा. दुकानदार पुडकं बांधण्यासाठी एका मोठ्या, न फिरणाऱ्या रिळावरून सुतळी ओढत होता, ते पाहून हलला कल्पना सुचली, असं सांगतात. चाक फिरलंच नाही, तर गुंता होईल कशाला? न फिरणाऱ्या चाकाच्या चक्र्या युरोपात होत्याच. हलने हे तत्त्व झाकणाखाली बंद केलं आणि पोरालाही वापरता येईल अशी चक्री केली. ती बनवली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरच्या 'झीरो अवर बॉम्ब कंपनी'ने. ही कंपनी तेलविहिरींत उडवायचे घड्याळी स्फोटक बनवत असे. १९४९ मध्ये चक्र्या बाजारात आल्या. पुढे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासाठी पाठवलेलं पार्सल त्यावरचं 'बॉम्ब कंपनी' हे नाव वाचून पहारेकऱ्यांनी पाण्यात बुडवलं, असा किस्सा आहे. तो खरा असो-नसो, १९५६ मध्ये कंपनीने नाव बदलून 'झेबको' केलं.

काठीच्या इतिहासात आपला देशही डोकावतो. एकोणिसाव्या शतकात बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्या अमेरिकेत नावाजल्या. तो बांबू आपल्याकडून जाई आणि बंदराच्या नावावरून त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. नंतर चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १८८१ मध्ये डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी बासवर ग्रंथ लिहिला आणि लांबलचक काठीऐवजी सव्वाआठ फुटांच्या हलक्या काठीचा पुरस्कार केला. महायुद्धानंतर फायबरग्लास आलं, १९७० च्या दशकात ग्रॅफाइट आलं. आज बासची काठी बहुधा सहा ते साडेसात फुटांची असते.

आमिषं मात्र घड्याळजींनी केली नाहीत. मिशिगनच्या डवाजॅक गावचे जेम्स हेडन मधमाश्या पाळत आणि वर्तमानपत्र चालवत. त्यांनी चाकूने तासलेला लाकडाचा तुकडा तळ्यात भिरकावला आणि बासने त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका आहे. १८९० च्या दशकात त्यांनी लाकडी बेडूक कोरले आणि त्यातून मोठा कारखाना उभा राहिला. फिनलंडचा गरीब मच्छीमार लाउरी रापाला याने पाहिलं, की मोठा मासा थव्यातला जखमी, तिरका पोहणारा मासाच निवडतो. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा तसा डुलणारा मासा केला आणि त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला. ऑगस्ट १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरच्या गाजलेल्या अंकात त्याच्यावर लेख आला आणि अमेरिकेत मागणीचा पूर लोटला. ओहायोतल्या अॅक्रनमध्ये निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास मऊ प्लास्टिकचं गांडूळ बाजारात आणलं.

आता दुकानात उभं राहू. भिंतभर काठ्या असतात, काचेच्या कपाटात चक्र्या आणि आमिषांच्या शेकडो पुड्या. नवखा माणूस आधी चक्रीच्या प्रेमात पडतो. जाणकार उलट्या क्रमाने निघतो. पाणी कसं आहे, मासा कुठे दडला असेल, यावरून आमिष ठरतं. आमिषाच्या वजनावरून काठी ठरते. ती किती औंस पेलेल हे तिच्या मुठीजवळ लिहिलेलं असतं. काठीवरून दोरी आणि चक्री ठरते. हलक्या आमिषाला न फिरणाऱ्या चाकाची, जड आमिषाला स्नायडरच्या वंशातली. दाट वनस्पतीतून मासा ओढायचा तर काठी ताठ हवी. बरेच गळ लावलेलं लाकडी आमिष असेल तर ती लवचीक हवी, नाहीतर हिसक्याने गळ सुटतो. आम्हा कवींनाही हे ठाऊक असतं. आधी सांगायचं काय ते ठरतं आणि मग वृत्त. उलट केलं तर कविता गुंत्यातच अडकते.

पण एवढं मोठं शस्त्रागार लागतंच का? २ जून १९३२ रोजी जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या वीस वर्षांच्या शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. मंदीचे दिवस होते. दोन मित्रांत काठी एक आणि आमिषही एकच. मासा तोलला गेला, जागतिक विक्रम नोंदला गेला आणि पेरीच्या घरच्यांनी तो शिजवून खाल्ला. भुकेच्या त्या वर्षी दुसरं काय करणार?

पुढे साधनं सुधारली आणि प्रश्न बदलला. अलाबामाचा विमा विक्रेता रे स्कॉट याने १९६७ मध्ये अर्कान्सासच्या बीव्हर तलावावर बासची मोठी स्पर्धा भरवली. शेकडो तरबेज हात एकाच तलावावर उतरू लागले आणि मेलेल्या माशांच्या राशी दिसू लागल्या. १९७२ पासून स्कॉटच्या स्पर्धांत मासा जिवंत ठेवून, तोलून, परत सोडण्याची रीत पडली. आज अमेरिकेतल्या बहुतेक बास शिकाऱ्यांना ती धर्मासारखी वाटते.

मात्र तीच रीत जपानात गुन्हा ठरू शकते. १९२५ मध्ये एका उद्योजकाने अमेरिकेतून बास आणून जपानच्या आशी तलावात सोडला. तिथून तो देशभर पसरला. २ जुलै २००९ रोजी बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पेरीच्या विक्रमाशी बरोबरी केली. आमिष होतं जिवंत ब्ल्यूगिल. हाही अमेरिकेचाच मासा. १९६० मध्ये युवराज अकिहितो यांना शिकागोत तो भेट मिळाला होता. सम्राट झाल्यावर, २००७ मध्ये, त्यांनी याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. बिवातला निगोरोबुना हा मासा भातात आंबवून तिथले लोक पिढ्यान् पिढ्या फुनाझुशी करतात; परक्या माशांमुळे त्याच्यासारख्या स्थानिक जातींवर संकट आलं. म्हणून २००३ पासून शिगा प्रांतात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे. तो टाकायला किनाऱ्यावर पेट्या ठेवल्या आहेत. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने तो जिवंत पाळणं आणि वाहून नेणंही बंद झालं.

एकाच माशाला जॉर्जियात सोडणं हे भल्या शिकाऱ्याचं लक्षण आणि बिवावर सोडणं हा अपराध. निवडीची सुरुवात पाण्यापासून करायची, हा जाणकाराचा नियम मासा हातात आल्यावरही सुटत नाही. आमिष कोणतं हे पाणी ठरवतं, तसंच माशाचं काय करायचं हेही तेच ठरवतं. घड्याळजींनी अंगठ्याखाली फार छान चाक दिलं. ते कुठे आवरायचं, हे मात्र ज्याच्या हातात काठी आहे त्यालाच ठरवावं लागतं.