असन्निधानाचे दिवस

नागपूरच्या ईशान्येस तीसेक मैलांवर असलेल्या रामटेकच्या टेकडीवर येणारा यात्रेकरू बहुधा गडावरच्या राम-लक्ष्मणांच्या देवळांची वाट धरतो, आणि ज्याला संस्कृत काव्याची ओढ असते तो कालिदासाच्या स्मारकापाशी घटकाभर रेंगाळतो; परंतु त्याच टेकडीवर वाकाटकांच्या काळातले, दोन गाभाऱ्यांचे, भोगराम या नावाने ओळखले जाणारे जे पुरातन देऊळ आहे, तिकडे पाय वळतात ते मुख्यतः महानुभाव पंथाच्या माणसांचे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी येथे काही महिने वास्तव्य केले अशी या पंथाची श्रद्धा आहे. काही वर्षांपूर्वी एका हिवाळी सकाळी मी तेथे बसलो असता खेड्यातून आलेली एक वृद्धा आत आली, स्वामींचे स्थान म्हणून पूजिल्या जाणाऱ्या ओट्यावर तिने कपाळ टेकले, आणि ते इतका वेळ उचलले नाही की तिच्याबरोबरची नातवंडे कंटाळून बाहेर निघून गेली. ती उठल्यावर मी सहज विचारले, ‘आजी, काय मागितलंत?’ ती म्हणाली, ‘माफी मांगतली जी भाऊ, दुसरं काय मांगाचं?’

त्या एका वाक्याने माझे लक्ष ज्या गोष्टीकडे वेधले, तिचा इतिहास सातशे वर्षांहून जुना आहे, आणि माझी अशी धारणा आहे की मराठी गद्याचा आरंभ समजून घ्यावयाचा असेल तर तो राजदरबारात किंवा पंडितांच्या सभेत न शोधता या माफीच्या मागणीतच शोधावा लागेल.

रामटेकचे या कथेशी असलेले नाते केवळ वास्तव्यापुरते नाही. पंथाची परंपरा सांगते की भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरपाळदेव हा रामटेकच्या रामाची यात्रा करावयाची असे सांगून गुजरातेतून निघाला, आणि वाटेत वऱ्हाडातल्या रिद्धपुरास त्याची गोविंदप्रभूंशी गाठ पडली. लोकांच्या दृष्टीने वेडसर, रस्त्यात मुलांबरोबर खेळणारा, कोणाच्याही घरात शिरून हवे ते खाणारा हा पुरुष पंथाच्या दृष्टीने साक्षात परमेश्वराचा अवतार होता, आणि त्याच्या प्रसादानंतर हरपाळदेवाचा चक्रधर झाला. देवाच्या भेटीस निघालेल्या माणसाला देव मुक्कामाच्या आधीच, आणि ज्या रूपात त्याची अपेक्षा नव्हती त्या रूपात भेटला. पुढे चक्रधरांच्या शिष्यांच्या वाट्याला याच्या नेमके उलटे आले: देव त्यांच्याजवळ होता, आणि तो निघून गेल्यावर आपण त्याला पुरते ओळखले नाही ही जाणीव त्यांच्या पदरी उरली.

1274 च्या सुमारास चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले असे पंथ मानतो. मृत्यू हा शब्द पंथाने या प्रसंगास कधीच लावला नाही, आणि या शब्दाच्या अभावातच पुढच्या सर्व आचाराचे बीज आहे. कारण जो मेला त्याचे श्राद्ध घालून मोकळे होता येते, परंतु जो निघून गेला आहे आणि आपली योग्यता झाल्यावर पुन्हा भेटू शकतो, त्याच्यासाठी सिद्धता करीत राहावे लागते. महानुभावांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार अनादी पदार्थ आहेत. देवतांच्या उपासनेने मिळणारे फळ नाशिवंत, आणि अविद्येच्या बंधनातून जीवाला सोडविण्याचे सामर्थ्य एकट्या परमेश्वराचे. तो देह धरून समोर असतो तेव्हा ते सन्निधान, आणि नसतो तेव्हा असन्निधान. सन्निधानी त्याची सेवा करावयाची, हे सोपे आहे असे आपणांस वाटते. असन्निधानी काय करावयाचे, हा खरा प्रश्न होता, आणि स्वामींच्या मागे राहिलेल्या त्या थोड्या माणसांपुढे तो एखाद्या तात्त्विक चर्चेचा विषय म्हणून नव्हे, तर उद्या सकाळी उठून काय करावे अशा रोकड्या स्वरूपात उभा राहिला.

त्यांनी जे केले त्याची पद्धती पुढे पंथाच्या आचारात स्थिर झाली: भिक्षा मागून खावे, एकाच गावी आसक्तीने राहू नये, अटन करावे, निर्जन स्थळी वृक्षाखाली बसावे, आणि स्वामींच्या लीळांचे, म्हणजे त्यांच्या बोलण्याचालण्याच्या एकेका प्रसंगाचे स्मरण करावे. या स्मरणाला जोडूनच दुसरा शब्द येतो तो अनुतापाचा. अनु म्हणजे मागाहून, ताप म्हणजे पोळणे. दोष घडला तेव्हा पोळले नाही, म्हणून आता पोळावयाचे. त्या काळच्या मराठीत त्यालाच जवळचा शब्द होता खंती, आणि आपण आज ‘मला त्याची खंत वाटते’ असे जे म्हणतो त्यात त्या जुन्या शब्दाची धग अजून शिल्लक आहे.

या मार्गाचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी त्याच काळी देवगिरीच्या दरबारात काय चालले होते ते पाहावे. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याच कालखंडात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करीत होता. त्याच्या व्रतखंडात शेकडो व्रते तिथीवार, तपशीलवार, दानदक्षिणेच्या प्रमाणासह नोंदलेली आहेत, आणि ते दप्तर चाळताना असे वाटते की पापपुण्याचा एक सुव्यवस्थित जमाखर्च मांडला असून ज्याच्यापाशी द्रव्य आहे त्याने योग्य रकमेचा भरणा करून फारखती घ्यावी. हेमाद्रीच्या विद्वत्तेविषयी मला अनादर नाही; त्या काळच्या समाजजीवनाची इतकी माहिती दुसऱ्या फार थोड्या ग्रंथांत सापडते. परंतु ज्याच्यापाशी गाय नाही, सुवर्ण नाही, आणि ज्याला किंवा जिला त्या संस्कृत ग्रंथाचे एक अक्षर ऐकण्याचाही अधिकार नाही, त्या माणसाने आपल्या दोषांचे काय करावे, याचे उत्तर त्या दप्तरात नव्हते. ते चक्रधरांच्या मार्गात होते. तेथे भरण्याचे चलन एकच, खरे दुःख, आणि ते स्त्री, शूद्र, ब्राह्मण या सर्वांजवळ सारखेच असू शकते.

स्वामींच्या गमनानंतर शिष्यांचा मेळा रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. 1287 च्या सुमारास गोविंदप्रभूही गेले, आणि मग नागदेवाचार्य, ज्यांना पंथ आदराने भटोबास म्हणतो, यांच्याभोवती ही मंडळी एकवटली. याच रिद्धपुरातील वाजेश्वरीच्या देवळात भटोबास एकान्ती बसून लीळांचे मनन करीत असता म्हाइंभटांनी त्यांना पाहिले, हा प्रसंग मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सर्वांना परिचित आहे. म्हाइंभट हे सराळ्याचे संपन्न ब्राह्मण, शास्त्रांत निपुण, आणि त्या निपुणतेचा ताठा बाळगून वादासाठी स्वामींकडे आलेले गृहस्थ. त्यांनी भटोबासांना विचारले, आपण काय करता. आणि स्मरण चालले आहे असे कळल्यावर त्यांच्या मनात आले की हे स्मरण एका माणसाच्या मनात राहिले तर त्याच्याबरोबरच जाईल. त्यातून ‘लीळाचरित्र’ निर्माण झाले: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत हजाराहून अधिक लीळा, तेराव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागातील बोलभाषेत लिहिलेल्या.

वाङ्मयेतिहासकार या ग्रंथास मराठीतला पहिला चरित्रग्रंथ म्हणतात, आणि ते योग्यच आहे. परंतु चरित्र लिहावे म्हणून तो लिहिला गेला नाही हे ते पुरेशा जोराने सांगत नाहीत. त्यात स्वामींचे जसे वर्णन आहे तसे त्यांच्या शिष्यांचेही आहे, आणि हे शिष्य आपल्याविषयी जे सांगतात ते कोणतीही माणसे आपल्या गुरूच्या चरित्रात सहसा येऊ देणार नाहीत. त्यांचे रुसवे, हेवेदावे, आळस, न समजता केलेले प्रश्न, आणि त्यावर स्वामींनी दिलेला बोल, हे सर्व त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि म्हाइंभटांनी लिहून घेतले. एखाद्याने एकान्तात आपला दोष देवाजवळ कबूल करणे वेगळे, आणि अनेकांनी एकमेकांच्या साक्षीने आपापली जबानी देऊन ती पुढच्या पिढ्यांच्या वाचनासाठी कायम नोंदविणे वेगळे. मी या ग्रंथाला सामुदायिक अनुतापाचा लेख म्हणतो तो याच कारणाने.

या जबान्या घेताना म्हाइंभटांनी जी दक्षता बाळगली ती पाहून मन थक्क होते. ज्या ज्या व्यक्तीच्या समोर लीळा घडली तिच्यापर्यंत ते स्वतः गेले, ऐकलेले भटोबासांना दाखवून पडताळून घेतले, आणि जेथे दोघांच्या आठवणी जुळत नव्हत्या तेथे एकीस खरी ठरवून दुसरी गाळण्याऐवजी ‘शोधु’ म्हणून दोन्ही नोंदविल्या. अमका असे सांगतो, तमका तसे. वरवर पाहता ही इतिहासकाराची शिस्त दिसते. परंतु तिच्यामागे मला त्याहून खोल असे काही दिसते: ज्याने एकदा स्वामींना ओळखण्यात चूक केली आहे, तो आता त्यांच्या एका शब्दाबाबतही चुकण्यास भीत आहे.

भाषेचा प्रश्नही याच ठिकाणी सुटला. केसोबासांसारख्या संस्कृतज्ञ शिष्याला संस्कृतात ग्रंथरचना करावी असे वाटत होते, तेव्हा भटोबासांनी त्यांना आवरले. आपल्या मेळ्यातील वृद्ध स्त्रिया त्यामुळे नागवल्या जातील, हे त्यांचे कारण ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नोंदलेले आहे. प्रार्थना आणि अनुताप जर सर्वांनी मिळून करावयाचे असतील, तर सर्वांना कळणारी भाषा ही सोय राहत नाही, ती अट होते. आपली भाषा ग्रंथभाषा होण्यास त्या अनाम म्हाताऱ्यांचे किती उपकार झाले आहेत याची जाणीव आपण क्वचितच ठेवतो. त्या मेळ्यातील एकीचे, महदाइसेचे, नाव मात्र आद्य कवयित्री म्हणून टिकले.

पश्चात्तापाला सामुदायिक रूप देणारे समाज महाराष्ट्रात आणखीही आहेत. जैन बांधव पर्युषणाच्या अखेरीस परस्परांची क्षमा मागतात. कोकणातले बेने इस्रायल नव्या वर्षाच्या सणाआधी क्षमायाचनेच्या प्रार्थना म्हणून उपासाच्या मोठ्या दिवसाची तयारी करतात. ख्रिस्ती मंडळी ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस त्यासाठी राखून ठेवतात. या सर्वांत काळाची मर्यादा आहे, ठराविक दिवस संपले की मनावरचा भार उतरतो. महानुभावांच्या असन्निधानाला अशी तिथी नाही. अवतार पुन्हा केव्हा भेटेल हे पंचांगात नाही, म्हणून सिद्धता रोजची.

पुढच्या इतिहासात या रोजच्या सिद्धतेवर संकटे आली. उत्तरेकडच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, आणि ज्यांना जेवढे मुखोद्गत होते त्यांनी ते पुन्हा लिहून काढले. म्हणूनच आज त्याचे वेगवेगळे पाठ मिळतात. त्यानंतर पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले, आणि बाहेरच्या जगाने न वाचलेल्या ग्रंथांविषयी मन मानेल ते ग्रह करून घेतले. काळी वस्त्रे घालणारे, काही तरी लपविणारे लोक, अशी जी हेटाळणी या साध्या, अहिंसक माणसांच्या वाट्यास शतकानुशतके आली, ती वाचताना आजही क्लेश होतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत इतिहासाचार्य राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केल्यावर, आणि महंतांनी पोथ्यांची बासने विश्वासाने अभ्यासकांपुढे सोडल्यावर, हे दालन खुले झाले.

येथे नागपूरने जे कार्य केले त्याचा मला अभिमान वाटतो. हरि नारायण नेने यांनी 1936 पासून लीळाचरित्राचे भाग नागपुरातून छापून प्रसिद्ध केले. मराठीचे अध्यापन करणारे आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले विष्णु भिकाजी कोलते यांनी 1945 साली ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ आणि 1948 साली ‘महानुभावांचा आचारधर्म’ हे ग्रंथ लिहून या पंथाच्या विचाराची आणि वर्तनाची साधार मांडणी केली, आणि 1978 साली त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. याच शहरात वासुदेव विष्णु मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपले रामटेक हे मत हिरिरीने प्रतिपादिले. मला या दोन अभ्यासांची एकाच टेकडीवर पडलेली गाठ फार अर्थपूर्ण वाटते. कालिदासाचा यक्ष हा स्वतःच्या कर्तव्यात चुकला म्हणून वियोगाची शिक्षा भोगीत रामगिरीवर राहिला होता, वर्षाची मुदत मोजीत. आणि त्याच रामगिरीवर पुढे आठशे वर्षांनी ज्यांचे चरण लागले, त्यांच्या शिष्यांनी आपल्या चुकीपायी आलेला वियोग मुदत न मोजता पत्करला.

त्या सकाळी भोगरामात आणखी काही मंडळी जमली. ओट्यावर विडा ठेवला गेला, एका वयस्क साधूने पोथी उघडून एक लीळा वाचली, आणि वाचन संपल्यावर कोणी प्रवचन केले नाही; सर्व जण बराच वेळ डोळे मिटून नुसते बसले, त्या वृद्धेची नातवंडेसुद्धा. मग पोथी बासनात बांधली गेली. निघताना प्रत्येकाने प्रत्येकापुढे वाकून ‘दंडवत प्रणाम’ म्हटले, साधूने त्या म्हातारीला आणि म्हातारीने साधूला, आणि दाराशी बसलेल्या मलाही, मी त्यांच्यातला नसताना.