ख्रिस्ती सणदिवस आणि पुराणश्रवण : सामुदायिक उपासनेतील तीन ग्रंथपरंपरा

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये सासष्टीतील रायतूर येथे रोमी लिपीत प्रथम छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून प्रसिद्ध केलेली आवृत्ती हस्तलिखितांवरून सिद्ध झालेली होती. म्हणजे हा ग्रंथ टिकला तो मुद्रणयंत्रामुळे नव्हे, तर वाचण्यासाठी आणि ऐकण्यासाठी तो पुनःपुन्हा उतरवून घेणाऱ्या समाजामुळे. साहित्येतिहासात मात्र त्याचा विचार बहुधा 'कृती' म्हणून झाला. उपासनेचा भाग म्हणून झाला तो अल्प.

ख्रिस्ती वर्षाचा गाभा म्हणजे पवित्र सप्ताह. झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत गाऊन सादर करण्याची रोमन प्रथा जुनी आहे. परंतु ट्रेंटच्या परिषदेनंतर १५७० मध्ये प्रमाणित झालेल्या मिस्सा-ग्रंथाची भाषा लॅटिन होती. वर्षातील सर्वांत पवित्र दिवशी सांगितली जाणारी कथा सासष्टीतील भाविकांच्या कानी पडत असे ती न कळणाऱ्या भाषेत. देशी भाषेला वाव होता तो मिस्साच्या बाहेर, धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि त्यानंतरच्या वाचनात. पहिल्याच अवस्वरूत स्टीफन्स यांनी ही उणीव संवादरूपाने मांडली आहे. जुनी पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, अशा आशयाची पृच्छा एक ब्राह्मण पाद्रीला करतो. ग्रंथाचा उगम असा श्रोत्याच्या मागणीत दाखवला आहे. रविवारी आणि सणांच्या दिवशी धर्मशिक्षणानंतर देवळांत हे पुराण वाचले जाई, असे जेझुइट नोंदींवरून कळते.

या पुराणात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. 'पहिले पुराण' जुन्या कराराचा आणि 'दुसरे पुराण' येशूच्या जीवनाचा विषय घेते. ओवी स्वीकारली म्हणून स्टीफन्स यांनी मराठी छंद उचलला, एवढेच विधान अपुरे आहे. एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये काशीस पूर्ण झाले, त्यानंतर सहा वर्षांनी स्टीफन्स गोव्यात पोहोचले. ओवीबद्ध ग्रंथ हा वाचक, श्रोतृसमुदाय आणि ठरलेला काळ यांच्या मेळातून जगतो, ही रीत त्यांच्यासमोर होती. त्यांनी छंदाबरोबर ही श्रवणसंस्थाही स्वीकारली आणि तिला ख्रिस्ती दिनदर्शिकेत स्थान दिले. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांच्या १६५९ च्या मराठी पुराणाचा विषय तर येशूचे दुःखसहन व मृत्यू हाच आहे. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती समाजात ते उपवासकाळात गायिले जाई, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याचे पुनर्मुद्रणही झाले.

गोव्यातील परंपरेवर आघात झाला तो भाषेच्या मार्गाने. २७ जून १६८४ च्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असे ठरवले. १७३६ मध्ये धर्मन्यायालयाने लग्नप्रसंगी ओव्या गाण्यासही बंदी घातली. ज्या छंदात शतकापूर्वी तारणाची कथा मिशनऱ्यांनीच सांगितली, तोच आता संशयास्पद ठरला. हुकमाने भाषा नाहीशी झाली नाही. पण सामुदायिक वाचनाला असलेला संस्थात्मक आधार ढळला. कानडा प्रांतात स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनी हस्तलिखिते जपली. टिपूच्या कैदेत, १७८४ ते १७९९ या काळात, श्रीरंगपट्टणातील बंदिवानांना या पुराणाने धीर दिला, असे तेथील परंपरा सांगते.

तुलनेसाठी दोन उदाहरणे उपयुक्त आहेत. केरळात आर्णोस पाद्री (योहान अर्न्स्ट हान्क्सलेडेन, १६८१–१७३२) यांनी मलयाळममध्ये 'पुत्तन पाना' रचले. त्यातील बाराव्या पादात मरियेचा विलाप आहे. पवित्र सप्ताहात सिरियन ख्रिस्ती घरांत हे काव्य आजही गायिले जाते. फिलिपिन्समध्ये गास्पार आकिनो द बेलेन यांचे तागालोग 'पास्योन' १७०४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या परंपरेतील काव्याचे 'पाबासा' नावाचे अखंड गायन पवित्र सप्ताहात घरोघरी होते. रेनाल्दो इलेतो यांनी १९७९ च्या ग्रंथात याच पठणातून कष्टकऱ्यांची बंडखोर राजकीय भाषा कशी घडली, हे दाखवले.

तिन्ही ठिकाणी मूळ रचना परकीय उपासनाचक्राला देशी श्रवणाची जोड देते. फरक पडतो तो पुढील इतिहासामुळे. केरळात आणि फिलिपिन्समध्ये काव्य देवळातून घरात उतरले, म्हणून धर्मसत्तेची धोरणे बदलली तरी पठण चालू राहिले. गोव्यात वाचन प्रामुख्याने देवळाशी आणि धर्मशिक्षणाशी निगडित होते. तो आधार ढळताच श्रोतृसमुदाय विखुरला. जेथे ग्रंथ घरात पोहोचला, त्या कानड्यात तो अधिक काळ जगला, यावरून हा निष्कर्ष बळकट होतो.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीत देशी भाषांना वाट मोकळी करून दिली. त्यानंतर वसईत मराठीत आणि गोव्यात कोकणीत मिस्सा होऊ लागली. दुःखसहनाचा वृत्तांत आता विधीच्या आतच समजू शकतो. जी उणीव भरून काढण्यासाठी पुराण रचले गेले होते, ती अशा रीतीने साडेतीन शतकांनी दूर झाली. पुराणाचे मूल्य मात्र त्यामुळे संपत नाही. कोणी, केव्हा आणि कोणाबरोबर ऐकले, हे प्रश्न विचारल्यावाचून मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास पूर्ण होणार नाही, याची जाणीव ते करून देते.